विंडोज एक्सपी (सर्व्हिस पॅक ३) : छापखान्यातल्या जुन्या संगणकावर पुन्हा बसवून पाहिल्यानंतरचे परीक्षण

विंडोज एक्सपी ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टने तिची नियमित देखभाल बंद केली. आज ती दुकानात मिळत नाही, नवे सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाही आणि नव्या लॅपटॉपवर ती बसतही नाही. तरीही तिचे परीक्षण लिहिणे मला गरजेचे वाटते. नाशिकमधले छोटे छापखाने असोत किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतली वर्कशॉप असोत, ज्यांचे एखादे जुने सॉफ्टवेअर वा यंत्र एक्सपीवरच चालते त्यांना हार्ड डिस्क गेली की हीच सिस्टिम पुन्हा बसवावी लागते, आणि त्या वेळी नीट माहिती देणारा माणूस सहजासहजी भेटत नाही. रविवार कारंजाच्या परिसरातल्या आमच्या छापखान्यावर ही वेळ आली. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने मांडण्याच्या) कामाला असलेल्या डेल ऑप्टिप्लेक्स ७५५ या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, त्यामुळे नवी डिस्क घालून त्यावर एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३ (सुधारणांचा तिसरा एकत्रित संच), नव्याने बसवली. तेव्हापासून ती रोजच्या वापरात आहे. ज्या ठरावीक कामासाठी ती लागते त्या कामात ती आजही चोख आहे, मात्र त्या कामाबाहेर तिला पाऊल टाकू देऊ नये, असे माझे मत झाले आहे आणि ते कशामुळे झाले ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी गरज स्पष्ट करतो. मराठी छपाईचा एक मोठा काळ पेजमेकर हे पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या जोडीला श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशी मराठी टंकनाची सॉफ्टवेअर यांच्यावर गेला. आमच्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची जुनी, रीतसर विकत घेतलेली आवृत्ती आहे आणि लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची गुणपत्रके असे सगळे जुने काम पेजमेकर ७ च्या फाइलींमध्ये साठवलेले आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली. त्यानंतर अ‍ॅडोबीने इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या मांडणी सॉफ्टवेअरवर भर दिला. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत असत, पण पुढच्या सीसी आवृत्त्यांमधून ती सोय काढून टाकण्यात आली. शिवाय फाइल उघडली तरी आतला मराठी मजकूर युनिकोडमधला (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतातला) नसतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'त्र्यंबकेश्वर' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत आणि ती उपयोगाचीही आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार कुठेतरी निसटतातच, आणि चारशे सभासदांच्या नावांची यादी असलेला अहवाल पुन्हा अक्षर-अक्षर तपासण्याइतका वेळ कोणत्याही छोट्या छापखान्याकडे नसतो.

येत्या सिंहस्थामुळे ही गरज अधिकच तीव्र झाली. नाशिकचा कुंभमेळा २००३ आणि २०१५ साली झाला आणि आता २०२७ च्या पर्वाची तयारी चालू आहे. पंचवटीतल्या संस्था त्या निमित्ताने छापून घेतलेली माहितीपत्रके, देणगी पावत्या आणि भोजनाच्या पासांचे नमुने 'मागच्या वेळी होते तसेच' मागतात, आणि त्यांची ती अपेक्षा रास्त आहे. बारा वर्षांनी तेच काम तशाच मांडणीत करून द्यायचे तर ती फाइल उघडणारा संगणकही तोवर जिवंत ठेवावा लागतो.

आता सिस्टिमच्या प्रतीविषयी लिहितो, कारण निम्मे यश येथेच ठरते. एम. जी. रोडपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत कुठेही चौकशी केली तर 'एक्सपी टाकून देतो' म्हणणारा कोणीतरी भेटतो, पण तो कोणती सीडी वापरणार हे विचारून घ्यावे. पूर्वी एका दुकानातून आम्ही दुसऱ्या एका संगणकावर एक्सपी टाकून घेतली होती. ती रंगरूप बदललेली, आत भलतीच सॉफ्टवेअर भरलेली आणि अपडेटच्या सेवा कापून टाकलेली प्रत निघाली, आणि तिच्यावर डोंगलचा, म्हणजे श्रीलिपी उघडण्यासाठी संगणकाला लावायच्या कुलपाचा, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) कधीच धड बसला नाही. म्हणून मूळ सीडीचाच आग्रह धरावा. डेल, एचपी अशा कंपन्यांच्या जुन्या संगणकांसोबत त्या कंपनीची स्वतःची सीडी येत असे आणि कॅबिनेटवर परवान्याचे स्टिकर असे. ही सीडी संगणकाच्या बायोसमधली (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधली) खूण ओळखते, त्यामुळे योग्य कंपनीच्या संगणकावर ती उत्पादन क्रमांकही विचारत नाही आणि सक्रियीकरणही (मायक्रोसॉफ्टकडून प्रत मान्य करून घेणे) मागत नाही. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकावर किरकोळ विक्रीची प्रत बसवली तर मात्र पंचवीस अक्षरांचा क्रमांक टाकून तीस दिवसांत ती सक्रिय करावी लागते, आणि देखभाल संपलेल्या सिस्टिमसाठी आज ती प्रक्रिया बेभरवशाची आहे. ज्यांना या कामासाठी जुना संगणक विकत घ्यायचा असेल त्यांनी याच एका कारणासाठी कंपनीचा, स्टिकर शाबूत असलेला आणि सोबत सीडी असलेला संगणक शोधावा.

सर्व्हिस पॅक ३ चाच आग्रह धरण्यामागेही कारण आहे. अगदी पहिली, सर्व्हिस पॅक नसलेली एक्सपी १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही, आणि २००८ साली आलेल्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये तोवरच्या सगळ्या सुधारणा एकत्र मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सेवेवर विसंबून राहण्याची सोय आता उरलेली नसल्यामुळे, जे काही लागणार आहे ते सीडीतच असलेले बरे.

सिस्टिम बसवण्याच्या आधी संगणकाकडे पाहणे आवश्यक होते. कॅबिनेट उघडल्यावर पंख्यावर कागदाच्या बारीक धुळीचा थर होता, जो छापखान्यातल्या प्रत्येक संगणकात असतोच. तो ब्लोअरने काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली आणि बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल नवा घातला. या सेलकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. तो संपला की संगणक प्रत्येक वेळी तारीख विसरतो आणि त्याहून वाईट म्हणजे बायोसमध्ये केलेल्या नोंदीही विसरतो, आणि एक्सपीच्या बाबतीत त्यातली एक नोंद फार महत्त्वाची आहे.

ती नोंद म्हणजे संगणक सॅटा जोडणीच्या डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ती. एक्सपी तयार झाली तेव्हा एएचसीआय ही पद्धत रूढ नव्हती, त्यामुळे तिच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये एएचसीआय चालू असेल तर सीडी सुरू होते, निळ्या पडद्यावर फाइली चढतात आणि मग एक तर 'हार्ड डिस्क सापडली नाही' असा संदेश येतो किंवा ०x००००००७बी या क्रमांकाची चूक दाखवून सगळे थांबते. अनेक कारागीर येथेच डिस्क खराब असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. यावरचा मूळ उपाय म्हणजे सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणे हा आहे, पण आज चालू स्थितीतली फ्लॉपी आणि तिचा ड्राइव्ह मिळवणे डिस्क मिळवण्यापेक्षा अवघड आहे. एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी लिहिता येते. त्याहून सरळ मार्ग म्हणजे बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत एटीए किंवा लेगसी करणे. ऑप्टिप्लेक्स ७५५ मध्ये तशी सोय आहे आणि छापखान्याच्या कामात त्यामुळे वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. पुढे कधी ही नोंद पुन्हा एएचसीआय झाली तर बसवलेली एक्सपीसुद्धा उघडणार नाही, म्हणून सेल चांगला असला पाहिजे.

दुसरी खबरदारी नव्या डिस्कची. अलीकडच्या हार्ड डिस्क आतून ४०९६ बाइटच्या भागांत लिहितात, तर एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि या दोन्हींचा मेळ बसत नसल्यामुळे डिस्कवर लिहिण्याचे काम नाहक मंदावते. आम्ही एक्सपीच्या सीडीला पार्टिशन करूच दिले नाही. जीपार्टेड या मोफत साधनाने पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून डिस्कच्या सुरुवातीला एक एमबी जागा सोडून पार्टिशन आधीच आखून घेतले आणि मग एक्सपीला त्याच पार्टिशनमध्ये बसवले. मोठ्या फाइली उघडताना आणि जतन करताना संगणक आता कुठेही अडखळत नाही. एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घालण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की एक्सपीला ट्रिमची (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी) आज्ञा माहीत नाही, त्यामुळे एसएसडी चालेल खरी, पण तिची निगा ती सिस्टिम स्वतःहून राखणार नाही.

प्रत्यक्ष बसवणे मात्र आजच्या मानाने सुखद वाटले, आणि हे मी जुन्या आठवणींच्या प्रेमातून लिहीत नाही. सीडीवरून संगणक सुरू होतो, निळ्या पडद्यावर परवान्याचा मजकूर येतो, तो वाचून एफ८ दाबायचे, पार्टिशन निवडायचे, एनटीएफएस फॉरमॅट सांगायचे आणि थांबायचे. फाइली चढल्या की संगणक पुन्हा सुरू होतो आणि त्या वेळी सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा, अशी सूचना पडद्यावर दिसते. तेव्हा काहीही न दाबणे हेच बरोबर असते, नाही तर सगळे पहिल्यापासून चालू होते. पुढच्या टप्प्यात डाव्या बाजूला अंदाजे ३९ मिनिटे शिल्लक असल्याचे दिसते. तो अंदाज २००१ सालच्या संगणकांचा आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि दोन जीबी रॅमवर काम त्याच्या कितीतरी आधी आटोपते. या सिस्टिमची मूळ मागणीच २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम एवढी माफक होती. सगळ्या प्रक्रियेत कुठेही ईमेल मागितला जात नाही, खाते उघडावे लागत नाही, जाहिरात दिसत नाही. वापरणाऱ्याचे नाव, तारीख, चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्ली हा वेळेचा पट्टा, आणि झाले.

मग ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश पडद्यावर येते. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात तो फोटो टिपला. तो परिसर द्राक्षांचा. फायलोक्सेरा या किडीमुळे तिथल्या वेली काढून टाकल्या होत्या आणि मोकळ्या जमिनीवर गवत उगवले होते, म्हणून टेकडी तेवढी स्वच्छ हिरवी दिसते. द्राक्षबागांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला त्या हिरवळीमागचे नुकसान ठाऊक असावे असे मला वाटते.

सिस्टिम उघडल्यावर पडदा अंधुक आणि मोठाल्या अक्षरांचा दिसतो, आवाज नसतो आणि नेटवर्क कार्ड ओळखलेले नसते, कारण २००७ सालच्या या संगणकाचे बरेचसे भाग एक्सपीच्या सीडीनंतरचे आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी प्रश्नचिन्हे दिसतात. चिपसेट, डिस्प्ले, आवाज या क्रमाने ड्रायव्हर घालावेत आणि ते दुसऱ्या संगणकावर आधीच उतरवून पेन ड्राइव्हमध्ये तयार ठेवावेत. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, कारण आजकाल अनेक मोठे पेन ड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये येतात आणि वेगळे अपडेट घातल्याशिवाय एक्सपी ते वाचत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आम्ही मुद्दाम घातलाच नाही.

मराठीसाठी वेगळी एक पायरी आहे आणि ती विसरली तर युनिकोड मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात किंवा मात्रा-वेलांट्या सुट्या पडतात. कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये दुसऱ्या पानावर, गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठीची खूण करावी लागते. मग सिस्टिम सीडी मागते आणि त्यातल्या आय३८६ या फोल्डरमधून फाइली घेते. हे फोल्डर आधीच डिस्कवर उतरवून ठेवले तर दर वेळी सीडी शोधावी लागत नाही. एवढे केल्यावर मंगल फॉन्टमध्ये मराठी व्यवस्थित दिसते आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलकही मिळतो.

आमच्याकडे डीटीपी करणाऱ्या ताईंची बोटे मात्र टाइपरायटरच्या कळफलकावर घडलेली आहेत. शासकीय टंकलेखनाच्या परीक्षा देऊन आलेल्या त्यांच्या पिढीला इनस्क्रिप्ट शिकवत बसणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, आणि एक्सपीच्या स्वतःच्या सोयीत तो कळफलक नाही. तो जुन्या श्रीलिपीत आहे आणि श्रीलिपी डोंगलशिवाय उघडत नाही. हा डोंगल म्हणजे संगणकाच्या मागच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला लावायचे कुलूप. संगणक बंद असतानाच तो लावावा, बायोसमध्ये पॅरलल पोर्ट चालू आहे आणि त्याचा पत्ता ३७८ असा नेहमीचाच आहे हे पाहावे, मग डोंगलचा ड्रायव्हर घालून संगणक पुन्हा सुरू करावा. आमच्याकडे पोर्टची पद्धत ईसीपीवर होती तेव्हा डोंगल कधी दिसे आणि कधी दिसत नसे. ती बदलून साधी द्विमार्गी केल्यावर ही तक्रार संपली. ताईंनी पेजमेकर उघडून पहिल्याच ओळीत 'त्र्यंबकेश्वर', 'उज्ज्वल', 'आशीर्वाद' हे त्यांचे नेहमीचे तपासणीचे शब्द टाइप केले, रफार नीट बसलेला पाहिला आणि म्हणाल्या, "अक्षर जागेवर आलं, दादा. आता द्या काम." त्यानंतर २०१५ सालच्या माहितीपत्रकाची फाइल उघडली, तेव्हा एकही ओळ आपल्या जागेवरून हललेली नव्हती.

छपाईच्या अंगाने सिस्टिमचे काम निर्दोष आहे. एचपीचा लेसरजेट १०२० हा जुना प्रिंटर तिच्यावर विनातक्रार चालतो आणि लहान मशीनच्या प्लेटसाठी बटर पेपरवर प्रिंट काढण्याचे काम पूर्वीसारखेच होते. मोठ्या कामासाठी प्लेट बाहेरून करून घ्यायची असेल तर पीडीएफ द्यावी लागते. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेतली) फाइल काढून ती डिस्टिलर या पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकली आणि फॉन्ट फाइलीतच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडला की ती पीडीएफ कोणत्याही नव्या संगणकावर जशीच्या तशी दिसते. हा पर्याय विसरू नये, नाही तर प्लेट करणाऱ्याकडे मराठीच्या जागी रोमन अक्षरे उमटतील आणि ती चूक प्लेट धुतल्यावरच लक्षात येईल.

एक उणीव रोज जाणवते आणि ती रुपयाच्या चिन्हाची आहे. भारत सरकारने हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले, म्हणजे एक्सपीचा शेवटचा सर्व्हिस पॅक येऊन गेल्यानंतर. तिच्यासोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये ते नाही आणि आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्येही नाही. पावतीपुस्तकात आजकाल प्रत्येकाला ते चिन्ह हवे असते. आम्ही ते रेखाचित्र म्हणून तयार करून ईपीएस फाइलीत ठेवले आहे आणि मजकुरात जागोजागी बसवतो. एखाद-दुसऱ्या ठिकाणी ते ठीक आहे, पण दरपत्रकात पन्नास ओळी असतील तर 'रु.' लिहिणेच सोयीचे पडते आणि ग्राहकाला तसे आधी विचारून घ्यावे लागते.

सुरक्षेच्या बाबतीत मला कोणतीही सूट द्यायची नाही. एक्सपी इंटरनेटला जोडू नये, आणि 'फक्त मेल पाहण्यापुरती' हा अपवादही करू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले तेव्हा आणि पुन्हा मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला तेव्हा, देखभाल संपलेली असूनही मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास अपडेट काढावे लागले, यावरून धोक्याची कल्पना यावी. अशी मोजकी अपवादात्मक अपडेट सोडली तर २०१४ नंतर सापडलेल्या बहुतेक दोषांची दुरुस्ती सर्वसाधारण वापरकर्त्याला मिळालेली नाही. तसेही इंटरनेटवर तिचा उपयोग उरलेला नाही. तिच्यावर चालणारा शेवटचा इंटरनेट एक्सप्लोरर आठव्या आवृत्तीचा आहे आणि आजची बहुतेक संकेतस्थळे ज्या सुरक्षित जोडणीवर चालतात ती त्याला येत नाही. क्रोमने २०१६ साली आणि फायरफॉक्सने २०१८ साली तिची साथ सोडली.

इंटरनेट नसले तरी पेन ड्राइव्ह उरतोच, आणि छापखान्यात ग्राहक फोटो, लोगो, पत्ते असे सगळे पेन ड्राइव्हमध्येच आणून देतात. पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची एक्सपीची जुनी सवय कित्येक व्हायरसांच्या प्रसाराला कारण झाली. प्रोफेशनल आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून ऑटोप्ले पूर्ण बंद करता येते आणि ते पहिल्याच दिवशी करावे. होम आवृत्तीत हे साधन नाही, म्हणून प्रोफेशनलच घ्यावी. आमच्याकडे ग्राहकाचा पेन ड्राइव्ह आधी शेजारच्या नव्या संगणकावर तपासला जातो आणि लागतील तेवढ्याच फाइली आमच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून एक्सपीकडे जातात. ग्राहकाला चार मिनिटे थांबावे लागते, पण हा नियम आम्ही मोडत नाही.

पर्यायांचाही विचार केला होता. विंडोज ९८ तर पेंटियम थ्रीच्या काळातल्या संगणकासाठी ठीक, पण ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम असली की तिला अडचणी येऊ लागतात आणि युनिकोड मराठी तिला येत नाही. विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती हा अधिक गंभीर पर्याय आहे. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली असली तरी नवे प्रिंटर आणि नव्या डिस्क तिला अधिक मानवतात, आणि ज्यांच्या डोंगलचा ड्रायव्हर तिच्यावर चालतो त्यांनी तीच घ्यावी असे मी म्हणेन. आमचा चालला नाही. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सपी बसवणे हा सर्वांत नेटका मार्ग आहे आणि डोंगल नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी माझी पहिली पसंती त्यालाच राहील. पण नव्या संगणकाला पॅरलल पोर्टच नसतो, आणि बाजारात मिळणारी यूएसबीची पॅरलल केबल प्रिंटरपुरतीच असते. ती जुन्या कुलुपाला हवा असलेला पोर्टचा खरा पत्ता देत नाही, त्यामुळे डोंगल तिच्यावर मुका राहतो. ही केबल त्यासाठी कोणी विकू लागले तर घेऊ नये.

दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्या कारागिराविषयी दोन शब्द लिहिणे योग्य होईल. शालिमारच्या बाजूला एका जिन्याखाली त्यांचे छोटे टेबल आहे. त्यांनी बोर्डावरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले, पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजून दाखवले आणि फुगू लागलेले दोन कपॅसिटर बदलले. सिस्टिम टाकण्यापूर्वी त्यांनी रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी निकाल समोर दाखवला. नवा संगणक गळ्यात मारण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही आणि मूळ सीडी असल्याशिवाय एक्सपी टाकणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. जुन्या यंत्राशी एवढ्या आदराने वागणारी माणसे आपल्या शहरात आहेत याचे मला मनापासून समाधान वाटले.

गुण द्यायचे तर जुन्या मराठी डीटीपीच्या बंदिस्त कामासाठी मी एक्सपीला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण रुपयाच्या चिन्हाचा आणि फ्लॉपीच्या हट्टाचा. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, हिशेबासाठी, बँकेच्या व्यवहारासाठी किंवा घरातल्या कोणत्याही वापरासाठी ती शून्य गुणांची आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल संपल्यामुळे जुना संगणक हाती उरलेल्यांनीही घरगुती वापरासाठी मागे न वळता लिनक्सचा विचार करावा.

सगळे मनासारखे जुळून आल्यावर, पहिले काम घेण्याच्या आधी, क्लोनझिला या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, फॉन्ट, डोंगलची जुळणी, प्रिंटरची मापे असे सगळे त्यात जसेच्या तसे राहते, आणि फक्त हार्ड डिस्क बदलल्याने एक्सपी साधारणपणे पुन्हा सक्रियीकरण मागत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी डिस्क गेली तर काम एका दुपारीत परत सुरू होऊ शकते. आम्ही ती प्रत काढली, तिच्यावरून दुसऱ्या डिस्कवर सिस्टिम उतरवून ती उघडते की नाही हे पाहिले, आणि तीच डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख आणि बायोसच्या दोन्ही नोंदी (डिस्कची आणि पॅरलल पोर्टची) लिहिलेली चिठ्ठी लावून, शाईच्या डब्यांपासून लांब असलेल्या कपाटात ठेवली आहे.